येतो म्हणावं

थोरला तीन वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी किटातून घरी आला, एक बूट इकडे आणि एक तिकडे भिरकावला, सरळ जमिनीवर आडवा झाला आणि म्हणाला, "आई, मी दमले."

किटा म्हणजे जर्मनीतली बालवाडी. दमणं खरंच होतं. तिथे पाऊस असो, बर्फ असो, पोरांना रोज बाहेर सोडतात आणि पोरं चिखलात लोळून परत येतात. त्यासाठी खास रबरी विजार असते, मात्शहोजे. शब्दशः चिखलविजार. ती धुवायचं काम घरच्यांचं. तर मुद्दा दमण्याचा नव्हता, 'दमले'चा होता. मला तेव्हा ते इतकं गोड वाटलं की मी त्याला पुन्हा म्हणायला लावून व्हिडिओ काढला आणि माहेरी, सांगलीजवळच्या हरिपूरला पाठवला. आईचा लगेच फोन. "पोरगं असं का बोलालंय गं?"

असं का, याचं उत्तर सोपं होतं. श्टुटगार्टमध्ये त्याच्या कानावर मराठी बोलणारं तोंड एकच, माझं. मी दमते, मी जाते, मी स्वयंपाक करते, मी आता ओरडणार आहे हं. तोही जातो कुठे, तोही 'जाते'च. नवरा धारवाडचा. तो मुलांशी कानडी बोलतो आणि कानडीत मी गेलो काय नि मी गेले काय, क्रियापद एकच. जर्मनमध्येही तसंच. तीन भाषांत आमची मराठीच तेवढी खाष्ट. माणूस साधं दमला म्हटलं तरी आधी विचारणार, बाई का बुवा?

नवऱ्याला मी म्हटलं, तू रोज दहा मिनिटं त्याच्याशी मराठी बोल, पुरुषाची क्रियापदं कानावर पडू देत. तो बिचारा तयार झाला. पहिल्याच दिवशी म्हणाला, "माझी चहा झाला का?" तो प्रयोग मी तिथेच थांबवला. महिन्या-दोन महिन्यांनी मराठी मंडळी जमतात, तिथे काका लोक भरपूर असतात. पण ते मुलांशी इंग्रजीत बोलतात आणि मुलं आपापसात जर्मनमध्ये. मराठीत तिथे फक्त बटाटेवड्यांची चौकशी होते.

बायकी-पुरुषीचं एक वेळ राहू दे. माझ्या मराठीतला खरा दोष मला फार उशिरा कळला. मी त्याच्याशी जी भाषा बोलत होते ती जवळजवळ सगळी आज्ञार्थी होती. ऊठ. आवर. दात घास. बूट घाल. दुसरा घाल. उजवा उजव्या पायात. चल. पडशील. उशीर झाला. हिवाळ्यात तर विचारू नका. आधी बनियन, मग अंगरखा, मग स्वेटर, मग जाड पँट, मग वरून आणखी एक, मग जाकीट, गळपट्टा, टोपी. एवढं सगळं चढवून दारापाशी यावं आणि त्यानं म्हणावं, शू लागली. बाहेर सकाळचे आठ वाजलेले, पण अंधार असा की हरिपुरात पहाटे म्हशीची धार काढायला उठल्यासारखं वाटावं. आणि हातमोजे. ते कधीच जोडीनं सापडत नाहीत. जर्मनमध्ये त्याला हांडशू म्हणतात, म्हणजे हाताचे बूट. थोरला म्हणायचा, "आई, माझा एक हातबूट हरवली." मी लिंग सुधारायचे, "हरवला." आणि मग वाटायचं, आपण हाताचे मोजे म्हणतो, ते हाताचे बूट म्हणतात, यात शहाणं कोण?

उन्हाळ्यात उलटं. जूनमध्ये सूर्य साडेनऊला मावळतो. "अंधार झाला की झोपायचं" असं मी डिसेंबरात मोठ्या तोऱ्यात शिकवलेलं, तेव्हा साडेचारलाच काळोख असतो. जूनमध्ये तो खिडकीकडे बोट दाखवून माझंच वाक्य मला ऐकवायचा. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर पुढेमागे होतात, ते आणखी एक. आज्जीचं घड्याळ होतं तिथेच असतं, त्यामुळे अंतर कधी साडेतीन तास, कधी साडेचार. आई म्हणते, "तुमच्या सरकारला एवढं काम न्हाय काय दुसरं?"

आजारपणाचं तर थोडक्यातच सांगते. किटात घातल्यावर पहिला हिवाळा पोरगं घरीच असतं. मूल आजारी पडलं म्हणून आई-बापाला वेगळी रजा मिळते, 2024 पासून प्रत्येकाला मुलामागे वर्षाला पंधरा दिवस. पंधरा ऐकून मला हायसं वाटलं होतं. नोव्हेंबर यायच्या आत संपली. तापल्या पोराला मांडीवर घेऊन मीटिंगला बसलेली असताना गल्लीतल्या कुणाकडेही पोरगं टाकून दवाखान्यात जाणारी माझी आई मला फार आठवायची.

थोरला सहा वर्षांचा झाला आणि सप्टेंबरात शाळा सुरू होणार म्हणून आम्ही ऑगस्टमध्ये सहा आठवड्यांसाठी हरिपूरला आलो. तिकडची उन्हाळी सुट्टी म्हणजे इकडचा भर पावसाळा. कृष्णा फुगलेली, पलीकडून वारणा येऊन मिळते तिथे नुसता लाल समुद्र. सांगलीकरांचं पावसाळ्यातलं आवडतं अक्षरवाङ्मय म्हणजे आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी. चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस धोका. 2019 ला सत्तावन्नच्या वर गेलं, तेव्हा आम्ही तिकडे रात्र रात्र फोन धरून बसलो होतो. आताही आण्णा, म्हणजे माझे वडील, सकाळी चहाआधी मोबाइल उघडून पातळी बघतात. थोरल्याला आकडे फार आवडतात. ते काम त्यानं आपल्याकडे घेतलं.

आणि मला अचानक कळलं, याला मराठी आकडे येतात. जर्मनमध्ये सव्वीसला सहा-आणि-वीस म्हणतात, आधी एकं, मग दशक, अगदी आपल्यासारखं. इंग्रजी शाळेतली आमची भाची 'अडतीस म्हणजे किती?' म्हणून विचारते, तिथे हा पठ्ठ्या पायरीवर उभा राहून गल्लीला ऐकवायचा. "आज सव्वीस!" दुसऱ्या दिवशी, "सत्तावीस!" मग, "अठ्ठावीस!" चौथ्या दिवशी ओरडला, "आण्णा, पाणी नववीस!"

आण्णांचा कप हातातच राहिला. "नऊ का वीस?"

"नववीस!"

"अरं, उतरलं का चढलं?"

समोरच्या दारातून विचारणा झाली, "काय झालं वो आण्णा? पाणी उतरलं म्हणं?" एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी, हे त्याला कोण आणि कसं समजावणार? सात-वीस, आठ-वीस, तर नऊ-वीस. त्याचा हिशोब चोख होता. बिनसलेलं आपलंच.

आकड्यांना लोक हसले, ते कौतुकानं. 'मी दमले'ला हसले ते वेगळं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी चिंचेच्या झाडांखालून भावाच्या पोरांबरोबर पळून आला आणि कट्ट्यावर बसत म्हणाला, "आज्जी, मी दमले. मला पाणी दे. लवकर आवर!" आज्ञार्थ माझा, क्रियापद माझं, स्वरसुद्धा माझा. कट्ट्यावरच्या सगळ्या बायका मोठ्यानं हसल्या. भाचा दहा वर्षांचा, त्यानं संधी सोडली नाही. "ए, दमले! ए पोरगी!"

रात्री पांघरुणात शिरल्यावर थोरल्यानं विचारलं, "आई, मी मुलगा आहे ना?"

"हो रे."

"मग तू मला मुलीचं मराठी का दिलं?"

मी उठून बसले. म्हटलं, बाळा, मुलगे 'दमलो' म्हणतात, मुली 'दमले' म्हणतात. एवढं लक्षात ठेवलं की झालं. त्यानं गंभीरपणे मान हलवली. तेवढ्यात बाहेरून काकीचा आवाज आला, "वैनी, दार उघडा की, मी आलो!" त्याच्या मागोमाग आई, "आलो, आलो, कडी काढतो!"

थोरला अंधारात माझ्याकडे बघत राहिला. "काकी मुलगी आहे ना? आज्जी पण?"

आमच्याकडे बायका 'मी आलो, मी गेलो'च म्हणतात. सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाला हे सांगायची गरज नाही आणि पुण्याच्या माणसाला सांगून पटत नाही. मीही तेच म्हणत मोठी झाले. अकरा-बारा वर्षं शाळेच्या वहीत 'गेले' लिहायचं आणि घंटा झाली की दप्तर उचलून 'गेलो गं मी' म्हणत पळायचं, यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. मग पुण्याला इंजिनिअरिंगला गेले. वसतिगृहाच्या मेसमध्ये पहिल्याच आठवड्यात मी लांबून ओरडले, "थांबा गं, मी आलो!" टेबलावरच्या चौघी वळून माझ्या मागे बघायला लागल्या. "कोण आलो?" त्यात दुष्टपणा काही नव्हता, त्या माझ्या आजही मैत्रिणी आहेत. पण मी महिन्याभरात 'आले' म्हणायला शिकले. दिवाळीला घरी आले तेव्हा तोंडून तेच निघालं, तर आई भाजणीच्या परातीवरून मान वर न करता म्हणाली, "लई पुण्याची झालीस."

त्या रात्री पंखा कुरकुरत होता, पाऊस चालू होता, आणि माझ्या लक्षात आलं की मी वसतिगृहात जीभ बदलली नसती, आईसारखीच 'दमलो, आलो, जातो' म्हणत राहिले असते, तर तिकडे हजारो मैलांवर पोरगं आपोआप बरोबर बोललं असतं. एकही क्रियापद दुरुस्त करावं लागलं नसतं. मी लाजून जे सुधारून घेतलं होतं, ते नेमकं याच्या वाट्याला चुकीचं म्हणून आलं.

त्यात आम्ही राहतो कुठे, तर श्वाबियात. तिथले लोक शुद्ध जर्मन बोलतच नाहीत. प्रत्येक नामाला 'ले' लावून त्याचं पिल्लू करतात, थोडंसं म्हणजे 'बिसले'. त्यांच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याच्या सरकारनं 1999 साली जाहिरातच केली, की आम्हाला सगळं येतं, फक्त प्रमाण जर्मन येत नाही. फलक लावले, गाड्यांवर डकवलं. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा खूप हसले होते. माझ्याशी त्याचा काही संबंध आहे असं तेव्हा वाटलं नव्हतं.

थोरल्याचा प्रश्न भाच्यानं सोडवला. मी व्याकरण घेऊन बसले होते, त्यानं दोन शब्दांत उरकलं. "इथं समदी आलोच म्हणत्यात." बस. असा नियम सहा वर्षांच्या माणसाला पेलतो. दुसऱ्या दिवसापासून थोरला आलो, गेलो, खाल्लो. तो 'भडंग खाल्लो' म्हणाला, तेव्हा माझ्या तोंडावर 'खाल्लं' आलं होतं. गिळलं. अडीच वर्षांची धाकटी, जी आतापर्यंत योगायोगानं बरोबर होती, तीही काकीच्या कडेवर बसून 'मी दातो' करायला लागली. नवऱ्यानं फोनवर ते ऐकलं आणि फार खूश झाला. म्हणाला, चला, कानडीसारखं झालं, सगळ्यांना एकच.

थोरल्याला तिथे आणखी बरंच मिळालं. 'तू' सोडून 'तुम्ही' नावाचं काही असतं, हे कळलं. किटातल्या ताईंनाही मुलं नावानं आणि एकेरीत हाक मारतात, घरी मी त्याला 'तू'च म्हणणार, मग 'तुम्ही' कानावर यायचं कुठून? पहिल्या आठवड्यात त्यानं आण्णांच्या ऐंशीच्या घरातल्या मित्राला विचारलं होतं, "तू एकटाच आलास?" म्हातारा हरखला. त्याला तसं विचारणारं आता कुणी उरलं नसावं.

भाद्रपद लागला तसा सांगलीच्या गणपती मंदिरात चोर गणपती बसला, चतुर्थीच्या आधीच, गाजावाजा न करता. थोरल्याला चोर शब्द इतका आवडला की मूर्तीपुढे हात जोडून त्यानं हळूच विचारलं, "काय चोरलास?" यावर आईनं त्याला शेजारच्या दुकानातून पेढे घेऊन दिले. मला असं काही विचारलं असतं तर धपाटा मिळाला असता.

निघताना बॅगांची वजनं करून दमछाक झाली. तिकडे शाळेच्या पहिल्या दिवशी मुलाच्या हातात कागदाचा मोठा शंकू देतात, खाऊ आणि पेन्सिली भरलेला. आपल्या भेळेच्या पुड्यासारखाच, पण जवळजवळ मुलाच्या उंचीचा. आईला हे कळल्यावर तिनं त्यासाठी तासगावचे बेदाणे दोन किलो आणि भडंगाची पाकिटं बांधली. गाडी दारात लागली. थोरला पायरीवर उभा राहून जोरात म्हणाला, "आज्जी, मी जातो!"

उच्चार, लिंग, सगळं जिथल्या तिथं. मी कौतुकानं आईकडे बघितलं. ती पदरानं डोळे पुसता पुसता थांबली.

"जातो म्हणू नाही रं. येतो म्हणावं."

थोरल्यानं माझ्याकडे असं बघितलं, की या भाषेचं करायचं तरी काय?

परत आल्यावर शाळा, डबे, पहिला पाऊस, पहिला सर्दीचा आठवडा. जिन्यात आमच्या दारावर झाडलोटीची पाटी लागली होती, या आठवड्यात जिना पुसायची पाळी आमची. फोन खांद्याला लावून मी फरशी पुसत होते. आण्णा बोलत होते, हळदीचं, पावसाचं, दुखऱ्या गुडघ्याचं.

"आणि नववीस तारखेला मिरजेला जायचंय, डोळं दाखवायला."

मी फडका पिळता पिळता थांबले. ते पुढे बोलत राहिले. पलीकडून आईनं कशाला तरी हाक मारली, त्यांनी 'हां हां' केलं.

"बरं आण्णा," मी म्हटलं, "पोरं यायची वेळ झाली. ठेवतो."

"ठेव, ठेव," आण्णा म्हणाले.