सायकल नोंद: संभाजीनगर, देवगिरी, खुलताबाद, वेरूळ (भरल्या पॅनिअरसह, म्हणजे कॅरिअरला लटकवलेल्या पिशव्यांसह)

या फेरीत मुख्य परीक्षा नव्या गिअरची होती. आतापर्यंत माझी सर्वांत हलकी जोडी पुढे ३४ आणि मागे २८ दातांची. आता पुढे ३० आणि मागे ३४ बसवलेत, म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक पुरता एक फेरासुद्धा घेत नाही. सामान लादून दौलताबादचा घाट सॅडलवर बसूनच चढता येतो का, ते बघायचं होतं. जाऊन-येऊन साठेक किलोमीटर. वार ठरवताना एवढं ध्यानात ठेवा, वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात.

उजाडता उजाडता भडकल दरवाजापासून निघालो. हा दरवाजा निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याचा. त्याने १६१० मध्ये खडकी वसवली, तेच आजचं संभाजीनगर. डोंगराकडचं पाणी निव्वळ उताराच्या जोरावर जमिनीखालून शहरात आणणारी नहर त्याचीच. सायकलवर असा अगदी हलका उतारही मांड्यांना कळतो, म्हणून या कामाचं मोल मला गाडीतून कधी जाणवलं नव्हतं तितकं आता जाणवतं. छावणीच्या पुढचा रस्ता सपाट आणि ट्रकांचा, त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं नाही.

देवगिरीला मात्र मी मनसोक्त वेळ देतो. यादव भिल्लमाची ही राजधानी, १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी इथवर आला, आणि १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे हलवून नाव दौलताबाद केलं. किल्ल्याचं खरं बळ तटात नाही, डोंगरातच आहे. पायथ्याचा बेसाल्ट चहूबाजूंनी असा उभा तासून काढलाय की हाताला कुठे पकडच मिळू नये. खाली खंदक, आणि वर जायला अंधारी, म्हणजे कातळातून जाणारी काळोखी भुयारी वाट. अंधारीत सायकलचा पुढचा दिवा काढून हातात धरला. वटवाघळांचा उग्र वास, पायऱ्यांची उंची कमी-जास्त आणि वळण कुठे येणार याचा पत्ता नाही. शिरणाऱ्याची चाल मोडावी म्हणूनच ही रचना, आणि ती आजही पावलागणिक काम करते. इथे क्लीटचे (तळाला पेडलमध्ये अडकणारा धातूचा तुकडा असलेले) बूट चालणार नाहीत, गुळगुळीत दगडावर धातू सटकतो. साधे पेडल आणि रबरी तळव्याचे बूट हीच माझी पक्की निवड.

मग घाट. जुन्या दरवाजाच्या अरुंद कमानीतून एका वेळी एकच मोठं वाहन निघतं, त्यामुळे तिथे थांबून, मागचं बघून मगच आत शिरावं. चढावर कॅडेन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) सत्तरच्या आसपास टिकला, वेग ताशी आठेक किलोमीटर. एकदाही उभं राहावं लागलं नाही, श्वासही हाताबाहेर गेला नाही! गुडघ्यावरचा ताण आधीपेक्षा स्पष्टपणे कमी. जड सामानाने घाट करणाऱ्या प्रत्येकाने हा बदल करावा, असं मी ठामपणे सांगेन.

वर खुलताबाद. १७०७ मध्ये गेलेल्या औरंगजेबाची उघड्या आभाळाखालची कबर इथे आहे, आणि मलिक अंबरचा मकबराही. मी अंबरच्या मकबऱ्याशी जरा जास्त रेंगाळलो. सकाळी त्याच्याच दरवाजातून निघालो होतो ना!

पुढे वेरूळपर्यंत उतार. लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे दुपार कलली की ऊन आत येतं आणि कोरीवकाम उठून दिसतं. कैलास लेणं राष्ट्रकूट कृष्ण पहिला याच्या काळातलं, आठव्या शतकातलं. वरून खाली खोदत आणलेलं, म्हणजे कळस आधी आणि पाया शेवटी. मागच्या कड्याजवळ उभं राहिलात तर छिन्नीचे तिरके घाव सरळ बोटाने चाचपता येतील इतके ताजे दिसतात (हात लावू नका, नुसतं बघा). देवगिरीचा तासलेला कडा आणि हा कडा, दोन्ही दख्खनच्या त्याच काळ्या कातळाचे. एकाने वैऱ्याला बाहेर ठेवलं, दुसऱ्यातून मंदिर निघालं. एका दिवसात, एकाच रस्त्यावर, स्वतःच्या पायांनी चढून-उतरून हे दोन्ही पाहिलं की मगच त्यांचं नातं नीट ध्यानात येतं.

परतीला घाटात अंधार गाठणार असं दिसल्यावर जैन लेणी, म्हणजे ३० ते ३४, पुढच्या वेळेवर टाकली. ब्रेक पॅड बरेच झिजलेत, ते बदलायचे. त्यानंतर अजिंठा, शंभरेक किलोमीटर, मुक्कामासह.