तीन पाण्यांतून गाडी

एरवी फडकं मारणाऱ्या माणसाच्या भरवशावर असलेली आमच्या सोसायटीतली मंडळी दसऱ्याच्या सकाळी पँटी दुमडून, बादल्या घेऊन पार्किंगमध्ये उतरतात. मीही उतरतो. माझी गाडी काळी. घेताना चारचौघांनी ‘काळी नको’ म्हणून सांगितलं होतं, पण ऐकतोय कोण!

यंदा शाम्पू ओतताना हात जरा सैलच सुटला. फेस जास्त म्हणजे धुणं चांगलं, हा माझा लहानपणापासूनचा समज. टपापासून चाकांपर्यंत गाडी पांढरीफटक केली आणि चहाला वर गेलो. तेवढ्यात बॉनेटवर ऊन आलं. खाली येऊन पाइप मारला, तरी वाळलेल्या फेसाचे ओघळ काही हटेनात.

गॅलरीतून आईचा आवाज आला. “अरे, साबण तसाच राहिलाय! चादर अशी वाळत घातली असतीस का?”

मग ती खाली आली. दारावरून अंगठा ओढला आणि म्हणाली, “बुळबुळतंय. खळबळून काढ.” बोट ओढल्यावर करकर वाजलं पाहिजे, ही तिची परीक्षा. पितळी तांब्यापासून साडीच्या काठापर्यंत तिनं सगळं असंच तपासलंय.

सगळा दोष साबणाचाही नव्हता. आमच्याकडे वापरायला बोअरचं पाणी. कातळातून येताना कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊन येतं. गीझरच्या कॉइलवर पांढरं कवच चढतं ते त्याचंच. या पाण्यात अंगाचा साबण फेसाळायच्या आधी त्याचा साका होतो. शाम्पूचं तसं होत नाही, पण पाणी उन्हात उडून गेलं की क्षार मागे राहतात, थेंबाएवढे गोल गोल.

गाडी सावलीत ढकलली. दहा लिटरच्या बादलीत या वेळी झाकणभरच शाम्पू. आधी टप, तो धुऊन काढल्यावर बॉनेट, मग दारं. चाकं सगळ्यात शेवटी. खळबळायचं शेवटचं पाणी आईनं स्वयंपाकघरातल्या नळाचं, म्हणजे पालिकेचं, आणायला लावलं. तिसऱ्या मजल्यावरून दोन खेपा! ते पाणी तांब्यानं हळूच सोडलं की पदरासारखं एकसंध खाली सरकतं, मागे थेंब फारसे राहत नाहीत. पाइपच्या फवाऱ्यानं ही मजा येत नाही. उरलेले थेंब कोरड्या मायक्रोफायबरनं टिपले. काचेचं रबर, नंबर प्लेटची मागची बाजू, पेट्रोलच्या झाकणाची खाच, सगळीकडे बोट घालून पाहिलं.

झेंडूचा हार चढला, हळदकुंकू लागलं, चाकांखाली लिंबं ठेवली. देवळाकडे निघालो. पहिल्याच स्पीडब्रेकरला डाव्या आरशाच्या बिजागरीतून पांढरी धार सुटली आणि आईच्या दारावरून ओघळत खाली गेली.

आई काही बोलली नाही. तिनं काच खाली केली आणि पर्समधून रुमाल काढला.