आमची वाटचाल : काळ्या ज्वारीपासून ड्रायरपर्यंत

चोपडा तालुक्यात आमचं धान्य सफाईचं छोटं युनिट आहे. चाळणी, खडे काढणारं डिस्टोनर, हलका-जड दाणा वेगळा करणारं ग्रॅव्हिटी, रंगावरून दाणा निवडणारं सॉर्टेक्स आणि आता ड्रायर. गहू, हरभरा, दादर (रब्बीची ज्वारी), मका सगळंच येतं. पण हे शेड उभं राहिलं ते खरिपाच्या काळ्या पडलेल्या ज्वारीमुळे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

आबांची आडत होती. देशातलं पहिलं संकरित ज्वारीचं वाण, सीएसएच-१, १९६४ साली आलं. त्याआधीच्या गावरान ज्वाऱ्या उंच आणि उशिरा पिकणाऱ्या. पाऊस परतला की त्यांचा दाणा भरायचा, त्यामुळे पांढराशुभ्र निघायचा. हायब्रीड शंभर-सव्वाशे दिवसांत तयार. म्हणजे कणीस भरतं ते नेमकं परतीच्या पावसात. उतारा वाढला आणि त्याबरोबर काळा दाणाही बाजारात आला. आबा म्हणायचे, पोतं जड झालं आणि भाव हलका झाला.

शेतकरी म्हणतो, 'पावसानं ज्वारी काळी केली.' पाऊस फक्त वाट करून देतो. बुरशी फुलोऱ्यातच शिरते आणि दाणा भरताना हवा ओली राहिली की आत पसरते. कर्व्हुलॅरियानं दाणा काळा पडतो, फ्युजॅरियमनं गुलाबी-पांढरा. हे फ्युजॅरियम म्हणजे गव्हाच्या ओंब्या करपवणारं तेच कुळ. १९९३ साली अमेरिकेत मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटाच्या गव्हाची त्यानं दैना केली होती. आपला गहू रब्बीचा, फुलोऱ्यात कोरडी हवा मिळते, म्हणून तो बहुतेक सुटतो. खरिपाच्या ज्वारीचं तसं नशीब नाही.

अजूनही एक गैरसमज दर हंगामात भेटतो. 'बियाण्याला गंधक चोळलं होतं, तरी काळी कशी पडली?' किलोला चार ग्रॅम गंधक काणीसाठी. काणीत दाण्याच्या जागी काळ्या भुकटीची पिशवी तयार होते, तो रोग वेगळा. दाण्यावरच्या बुरशीचं बी बियाण्यातून नाही, हवेतून येतं. फुलोऱ्यात बुरशीनाशक फवारण्याची शिफारस आहे, पण माणसाच्या डोक्यावर गेलेल्या पिकात पाठीवरचा पंप घेऊन भर पावसाळ्यात कोण शिरणार? आणि त्या ज्वारीला भाव तो काय!

आडत माझ्याकडे आली तेव्हा काळ्या ज्वारीला तीनच गिऱ्हाइकं होती : पशुखाद्यवाले, कोंबडीखाद्यवाले आणि दारूचे कारखाने. तिघेही भाव पाडूनच मागायचे. मला वाटलं, यातला बरा दाणा वेगळा काढता आला तर? आधी चाळणी आणि ग्रॅव्हिटी टाकली. बुरशीनं पोखरलेला दाणा हलका आणि भुसभुशीत असतो, ग्रॅव्हिटीच्या टेबलावर तो आपसूक बाजूला जातो. पुढे कर्ज काढून सॉर्टेक्स आणलं. कॅमेरा दाण्याचा रंग पाहतो आणि हवेच्या फटक्यानं काळा दाणा उडवतो. पहिल्या हंगामात लोक नुसतं बघायला यायचे. एका तोंडातून पांढरी, दुसऱ्यातून काळी! धंदा चालला.

पण सॉर्टेक्सला फक्त रंग दिसतो. आतली बुरशी दिसत नाही, तिचं विष तर नाहीच. १९९५ साली कर्नाटक आणि आंध्रच्या काही गावांत पावसात भिजलेली, बुरशी लागलेली ज्वारी आणि मका खाऊन लोकांना पोटदुखी आणि जुलाब झाले. कारण निघालं फ्युमोनिसिन, फ्युजॅरियमनंच तयार केलेलं विष. हे वाचल्यावर शेडवर नियम केला : गुलाबी झाक किंवा कुबट वास असलेला माल खाण्यासाठी साफ करून द्यायचा नाही. चांगल्यात थोडा-थोडा मिसळून द्या म्हणणारे व्यापारी होते. ते दुसरीकडे गेले. गेले ते बरंच झालं, कारण पुण्याचे पीठवाले त्यानंतर आमच्याकडे टिकले.

मग एक गोष्ट लक्षात आली. आम्ही जे काढून टाकतो, तो शेतकऱ्याचाच दाणा असतो. कट्ट्यातून पाचवा हिस्सा उडाला की सफाईचे पैसे तो कोणत्या तोंडानं देणार? उपाय त्या आधीच हवा होता. दाण्याच्या बुडाशी, जिथे तो कणसाला चिकटलेला असतो, तिथे काळा ठिपका दिसला की दाणा भरून झाला. त्यापुढे तो शेतात फक्त वाळतो, वजन वाढत नाही. तेव्हा त्यात तीस टक्क्यांच्या आसपास ओल असते. शेतकरी ती उतरायची वाट पाहतो, आणि वाट पाहण्याच्या त्या दिवसांतच बुरशी हात मारते. त्याच वेळी कणसं खुडून वाळवली तर बराचसा दाणा वाचतो.

म्हणून ड्रायर. भट्टीत कपाशीच्या पराट्या जाळतो, गरम हवा दाण्यातून फिरते, ओल बारा टक्क्यांवर आली की माल बाहेर. बियाण्याची ज्वारी असेल तर हवा चाळीस अंशांच्या वर जाऊ देत नाही, नाहीतर उगवण जाते. लोकांना पटवणं मात्र मशीन बसवण्यापेक्षा अवघड गेलं. 'ओली ज्वारी खुडायची? येड लागलं का शेठ?' काहींनी अर्धं शेत आधी खुडलं, अर्धं ठेवलं. २०२४-२५ साठी संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३३७१ रुपये होता, पण खरेदी केंद्रावर माल एफएक्यू, म्हणजे ठरवून दिलेल्या सरासरी चांगल्या दर्जाचाच लागतो. एका शेतातली दोन पोती शेजारी ठेवली की मला फार बोलावं लागत नाही.

लाल दाण्याची ज्वारी बुरशीला बरीच दाद देत नाही, पण भाकरी तुरट लागते आणि आपल्याला पांढरीच हवी. त्या हट्टापुढे पैदासकारांचंही फार चालत नाही.

खरिपाची ज्वारी कमी होत चालली आहे, कपाशी आणि मक्यानं तिची जागा घेतली. २०२३ च्या भरडधान्य वर्षात पिठाला मागणी आली, पण पेरा काही तितका परतला नाही. ऑक्टोबरमध्ये ड्रायरवर मक्याचीच रांग असते. तरी ज्वारीला आम्ही रात्रीची पाळी राखून ठेवतो. एवढंच करा : खुडायच्या आधी निरोप द्या. खुडून ताडपत्रीखाली ढीग मारून दोन दिवसांनी आणलीत, तर ती आतल्या आत तापलेली असते आणि मग तिला ड्रायरचाही उपयोग नाही.