एका देणगीची पूर्वपरवानगी: माझा अनुभव

आमचे वाचनालय बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील एका गावात असून ते कर्नाटक संस्था नोंदणी अधिनियम, १९६० खाली नोंदलेले आहे. गावच्या मराठी शाळेत शिकून पुढे अमेरिकेत स्थायिक झालेल्या एका माजी विद्यार्थ्याने अभ्यासिकेच्या बांधकामासाठी देणगी देऊ केली आणि ती रीतसर स्वीकारण्याचे काम सचिव या नात्याने माझ्याकडे आले. दहशतवादाविरुद्ध देशांनी केलेल्या आघाड्यांविषयी मी वर्तमानपत्रात वर्षानुवर्षे वाचत आलो आहे. त्या आघाड्यांचा आपल्या पावतीपुस्तकाशी काही संबंध असेल, हे मात्र या कामातूनच उमगले.

पहिला प्रश्न देणगीदाराच्या पासपोर्टचा होता. भारतीय नागरिकाने परदेशातील स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम विदेशी अंशदान, म्हणजे परकीय देणगी, मानली जात नाही. आमच्या गावातील दुबईला नोकरी करणाऱ्या मुलांनी याच वाचनालयाला पुस्तकांची कपाटे दिली, तेव्हा पावतीपलीकडे काहीच लागले नव्हते. अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेली व्यक्ती मात्र, तिचे आईवडील आजही आमच्या गल्लीत राहत असले तरी, कायद्याच्या दृष्टीने विदेशी स्रोत ठरते आणि तिची देणगी विदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० च्या कक्षेत येते. या कायद्याखालील पाच वर्षांच्या नोंदणीसाठी संस्थेने सामान्यतः किमान तीन वर्षे काम केलेले असावे लागते आणि त्या काळात पंधरा लाख रुपये उपक्रमांवर खर्च केलेले असावे लागतात. आमच्यासारख्या वाचनालयाला हे शक्य नसल्याने विशिष्ट दात्याकडून, विशिष्ट कामासाठी, विशिष्ट रकमेची पूर्वपरवानगी घेण्याचा मार्ग उरला.

हा कायदा मुळात १९७६ सालचा आहे. परकीय पैशाने देशातील राजकारणावर प्रभाव पडू नये, ही तेव्हाची काळजी होती. पुढे ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २८ सप्टेंबर रोजी १३७३ क्रमांकाचा ठराव करून दहशतवादाला होणारा अर्थपुरवठा रोखणे सर्व सदस्य देशांवर बंधनकारक केले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फायनान्शियल ॲक्शन टास्क फोर्स (एफएटीएफ) या आंतरसरकारी मंचाने, ज्याची स्थापना १९८९ मध्ये काळ्या पैशाच्या व्यवहारांवर उपाय शोधण्यासाठी झाली होती, दहशतवादाच्या अर्थपुरवठ्याविषयी आठ विशेष शिफारशी केल्या. त्यांतील आठवी नेमकी आमच्यासारख्या ना-नफा संस्थांविषयी होती. भारत २०१० मध्ये या मंचाचा सदस्य झाला. तेव्हापासून आपल्या बँका आणि न्यासांच्या तपासणीची पद्धत इतर सदस्य देशांनीही पारखून पाहायची, असा करार आपल्यावर लागू आहे.

अर्जासोबत देणगीदाराचे रक्कम व हेतू नमूद केलेले वचनपत्र, बांधकामाचा अहवाल, संस्थेच्या घटनेची प्रत, लेखापरीक्षित हिशेब आणि सर्व पदाधिकाऱ्यांचे आधार क्रमांक जोडावे लागले. कन्नडमधील कागदांची भाषांतरे करून घेण्यात बराच वेळ गेला. २०२० च्या दुरुस्तीनंतर विदेशी देणगी प्रथम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतच जमा व्हावी लागते. तेथील खात्याचे अर्ज बेळगावातून पाठवता आले आणि दिल्लीची वारी टळली, ही मोठीच सोय.

एका बँकेतील तपासणीत आमच्या खजिनदारांचे, म्हणजे साऱ्या गावाच्या चाचांचे, नाव सुरक्षा परिषदेच्या, दहशतवादाशी संबंधित व्यक्ती व संघटनांच्या निर्बंध यादीतील एका नावाशी जुळले. बँक अधिकारी कन्नडभाषक होते, पण त्यांनी मराठीत समजावले, ‘चाचा, मनाला लावून घेऊ नका. नाव सारखं निघालं की मला जन्मतारीख बघावीच लागते.’ १२६७ क्रमांकाच्या १९९९ मधील ठरावातून सुरू झालेल्या या यादीत नावाबरोबर जन्मवर्ष, जन्मस्थान, उर्फ नावे अशी उपलब्ध माहिती दिलेली असते. जन्मतारीख आणि वडिलांचे नाव पाहून प्रश्न मिटला. चाचा हसले खरे, पण त्या दिवशी ते परतीच्या बसमध्ये फारसे बोलले नाहीत.

याच यादीत मसूद अझरचे नाव यायला १ मे २०१९ उजाडावे लागले. त्याची संघटना जैश-ए-महंमद २००१ पासून यादीत होती, तरीही ही यादी ठरवणाऱ्या सुरक्षा परिषदेच्या समितीचे निर्णय पंधराही सदस्यांच्या सहमतीने होत असल्याने चीनच्या हरकतीमुळे भारताचे आणि इतर देशांचे प्रस्ताव वर्षानुवर्षे अडत राहिले. आघाडीची खरी ताकद आणि दुबळेपण मला येथे दिसते. सामान्य माणसाची जन्मतारीख ती क्षणात तपासते, परंतु एका बड्या देशाची हरकत तिला दहा वर्षे थोपवू शकते. याउलट पाकिस्तान जून २०१८ ते ऑक्टोबर २०२२ या काळात एफएटीएफच्या करड्या यादीत, म्हणजे त्रुटींमुळे वाढीव देखरेखीखालील देशांच्या यादीत, राहिला, तेव्हा त्याला काही दहशतवादी म्होरक्यांवर अर्थपुरवठ्याचे खटले चालवावे लागले. म्हणून ही कागदपत्रे निरर्थक आहेत, असे मी म्हणणार नाही.

नंतर साध्या वेशातील एक अधिकारी चौकशीसाठी वाचनालयात आले. वर्गणीचे रजिस्टर पाहून झाल्यावर, संस्था एखाद्या राजकीय पक्षाशी किंवा आंदोलनाशी जोडलेली आहे का, असे त्यांनी विचारले आणि ओघाने सीमाभागातील मराठी भाषक कर्नाटकात राहावे लागल्याच्या निषेधार्थ पाळतात त्या १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाचाही विषय निघाला. सीमाभागातील मराठी संस्थेला हा प्रश्न अपेक्षितच असतो. सभासद व्यक्तिशः कुठेही जावोत, वाचनालय कोणत्याही फेरीत सहभागी होत नाही, हे मी ठरावांच्या वहीसह दाखवले. सक्रिय राजकारणाशी संबंध नसलेल्या संस्थेला केवळ लोकहिताच्या आंदोलनाला पाठिंबा दिला म्हणून विदेशी देणगीपासून वंचित ठेवता येणार नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा मार्च २०२० चा निर्णय आहे. पण तो सांगण्याची वेळ आली नाही.

तपासणीचा भार कोणावर किती पडावा, याबाबत माझे मत ठाम आहे. एफएटीएफनेच आठवी शिफारस २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये सुधारून, उपाय धोक्याच्या प्रमाणात असावेत आणि प्रामाणिक कामात अडथळा येऊ नये, असे स्पष्ट केले आहे. भारताविषयीच्या २०२४ च्या मूल्यमापन अहवालातही ना-नफा संस्थांबाबत धोक्यानुसार पावले उचलण्याची आणि त्यांच्यापर्यंत माहिती पोहोचवण्याची सूचना आहे. आमच्या तालुक्यातील किती संस्थाचालकांना हे कोणी समजावून सांगितले आहे, याचे उत्तर मला ठाऊक आहे.

अखेर परवानगी आली, रक्कम दिल्लीच्या खात्यातून बेळगावच्या खात्यात वळली आणि पायाची खुदाई सुरू झाली. प्रशासकीय खर्च वीस टक्क्यांच्या आत ठेवायचा, पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवायचा नाही आणि वार्षिक विवरणपत्र ३१ डिसेंबरपूर्वी भरायचे, अशा अटी आहेत. देणगीदाराने आता संगणकांसाठीही पैसे देऊ केले आहेत. ही परवानगी केवळ बांधकामाच्या रकमेपुरती असल्याने त्यासाठी नवा अर्ज तयार करीत आहे. या खेपेस चाचांच्या जन्मदाखल्याची प्रत मी आधीच जोडून ठेवली आहे.