सवय होईल म्हणू नका, ग्रिप घासा

मी शिरोली एमआयडीसीत लाकडी पॅटर्न बनवतो. फौंड्रीत वाळूचा साचा ज्या लाकडी नगावरून उठतो, तो पॅटर्न. माझी पुतणी दहा मीटर एअर पिस्तूल खेळायला लागली तेव्हा ते पिस्तूल पहिल्यांदा हातात घेतलं, आणि माझं लक्ष नळीकडे गेलंच नाही. ते गेलं अक्रोडाच्या ग्रिपकडे, म्हणजे लाकडी मुठीकडे. तेव्हापासून रेंजवरची पोरं आपापल्या ग्रिप घेऊन माझ्याकडे येतात, म्हणून हे एकदा नीट लिहून ठेवतोय.

कोल्हापूरला नेमबाजी नवीन नाही. तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला विश्वविजेती झाली. राही सरनोबतनं 2013 मध्ये चांगवानच्या वर्ल्ड कपमध्ये 25 मीटर पिस्तूलचं सुवर्ण घेतलं. 2024 ला पॅरिसमध्ये आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ब्राँझ मिळवलं, आणि माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांतून पोरं रेंजवर जायला लागली. पण मॅचचं चांगलं एअर पिस्तूल लाखाच्या पुढे जातं. त्यामुळे सुरुवात बहुतेकांची सेकंडहँडवरच. ग्रिप कुणा मोठ्या माणसाच्या मापाची, लार्ज नाहीतर मीडियम, आणि हात तेरा वर्षांच्या पोरीचा. तिनं तक्रार केली की उत्तर ठरलेलं असतं, "सवय होईल." हे ऐकलं की माझ्या डोक्यात जातं. लाकूड घासता येतं. पोरीचा हात घासता येत नाही.

ग्रिपमुळे किती बिघडतं ते बघा. नेम धरायच्या पुढच्या आणि मागच्या साईटमध्ये साधारण 33 सेंटीमीटर अंतर. टार्गेट दहा मीटरवर. पुढची साईट मागच्या खाचेत एक मिलिमीटरनं बाजूला सरकली, तर छर्रा टार्गेटवर तीन सेंटीमीटर बाजूला लागतो. दहाचं वर्तुळ जेमतेम 11.5 मिलिमीटरचं. म्हणजे दहाच्या जागी सात. मनगटात एवढा फरक पडायला ग्रिप थोडी ढिली असली तरी पुरतं.

पुतणी म्हणाली होती, "काका, बोट पोचतंय, पण ओढताना पिस्तूल हलतंय." तिचे छर्रे एकत्र पडायचे, पण सगळे घड्याळाच्या नऊला, डावीकडे. उजव्या हाताच्या नेमबाजाचं असं होत असेल तर आधी बोट बघायचं. ग्रिप जाड असली की ट्रिगरवर नुसतं बोटाचं टोक येतं. मग बोट सरळ मागे न येता पिस्तुलाला बाजूला ढकलतं. पहिल्या पेराचा मऊ भाग ट्रिगरवर आला पाहिजे, आणि त्या बोटाच्या मुळाशी लाकूड अजिबात टेकता कामा नये.

आता काम. पिस्तुलात छर्रा नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, हवेचा सिलिंडर काढायचा आणि ग्रिप पूर्ण उतरवून घ्यायची. पिस्तुलावर ग्रिप तशीच ठेवून कानस चालवायची नाही, लाकडाचा भुसा आत यंत्रात जातो.

कुठं घासायचं हे अंदाजानं ठरवू नका. तळहाताला टाल्कम पावडर चोळायची, ग्रिप शूटिंगच्या पकडीत धरायची आणि सोडायची. काळपट अक्रोडावर पांढरे ठसे उठतात. जिथं ठसा दाट, तिथं दाब जास्त. जिथं लाकूड कोरं, तिथं पोकळी. फौंड्रीत दोन भाग जुळवताना आम्ही रंग लावून हेच करतो. उंच जागा अर्धगोल कानशीनं घ्यायच्या, मग 120 चा आणि 220 चा पॉलिश पेपर. दर चार-पाच घाशांनी परत पावडर. घाई केली की लाकूड गेलं, ते परत येत नाही.

पोकळी भरायला एम-सीलसारखी दोन गोळ्यांची पुट्टी चालते. आधी त्या जागेचं पॉलिश खरवडून लाकूड खडबडीत करायचं, नाहीतर पुट्टी खपलीसारखी निघते. हातात रबरी मोजे, पुट्टीवर स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिक फिल्म, आणि मग ग्रिप घट्ट धरायची. तळहाताच्या मधल्या खळग्याचा ठसा असा उठतो की कुठल्याही मापपट्टीनं तो मिळणार नाही. रात्रभर वाळू द्यायची, सकाळी घासायची. वर चकचकीत वार्निश मारू नका. घामेजलेल्या हातात ते सटकतं. मी टोचणीनं बारीक खळगे पाडतो.

झालं की तपासणी. ग्रिप परत बसवायची, सुरक्षित दिशेला तोंड करून उभं राहायचं, डोळे मिटून हात उचलायचा, श्वास स्थिर झाला की डोळे उघडायचे. साईट आपोआप जुळलेल्या दिसल्या तर ग्रिप बसली. पुढची साईट दर वेळी उजवीकडेच दिसत असेल तर मनगट वळवून दुरुस्त करू नका. ग्रिप काढा आणि परत पावडर लावा.

नियमांच्या बाबतीत पोरांना कुणी सांगत नाही, आणि मॅचच्या आधी तपासणीत बिचारी अडकतात. हात टेकायला खाली जी पाम शेल्फ असते, तिचा ग्रिपशी कोन 90 अंशांपेक्षा कमी चालत नाही. तो मी सुताराचा काटकोनी गुण्या लावून बघतो. शेल्फची कड वर वळवून हाताला कवेत घेणं बंद. मनगट मोकळं दिसलं पाहिजे. अख्खं पिस्तूल 420 बाय 200 बाय 50 मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे. पुट्टी भरून भरून ग्रिप फुगली की या पन्नासातच गाडी अडते. मी त्या मापाची प्लायची पेटी करून भिंतीला टांगली आहे. वजनाची मर्यादा 1500 ग्रॅम, तिची काळजी सहसा नसते, कारण ही पिस्तुलं किलोच्या आसपासच असतात.

ट्रिगरच्या आत मी हात घालत नाही, तुम्हीही घालू नका. कंपनीनं बाहेरून जे स्क्रू दिलेत तेवढेच. ट्रिगरची पट्टी पुढे-मागे सरकते, थोडी फिरतेसुद्धा. पुतणीची पट्टी मागे घेतली, उजव्या बाजूचं लाकूड उतरवलं, आणि तिच्या छर्र्यांचा ग्रुप मध्यात आला. स्क्रू हलवला की 500 ग्रॅमचं वजन ट्रिगरला लटकवून उचलून बघायचं. ते न सुटता उचललं गेलं पाहिजे, तोच किमान आकडा आहे.

पोरांचा हात वाढतो. म्हणून प्रत्येकाच्या तळहाताची कागदावर आखणी करून, तारीख टाकून ठेवतो. वर्षभरानं परत आखायचं. दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले की बोटांची पेरं कुठं गेली ते लगेच दिसतं, आणि भरलेली पुट्टी तेवढीच उतरवायची.

सध्या टेबलावर डावखुऱ्या मुलाची ग्रिप आहे. सेकंडहँडमध्ये डाव्या हाताची मिळणं फार अवघड, म्हणून उजव्या ग्रिपची आखणी उलटी करून सागात कोरतोय. बाहेरचा आकार आलाय. आता स्क्रूचं भोक पाडायचं, ते पिस्तुलाच्या चौकटीशी तंतोतंत जुळलं पाहिजे, म्हणून आधी टाकाऊ लाकडात एक पाडून बघणार आहे. मुलाला शनिवारी पिस्तूल घेऊन बोलावलंय.