आमच्या रानातलं सोयाबीन आणि नोदाची बाटली

आमच्या घरात सोयाबीन कधी ताटात आलं नाही. वाळवा तालुक्यात कृष्णेच्या काठाला आमचं रान. जूनमध्ये टोकायचं, दसरा-दिवाळीच्या दरम्यान मळायचं, पोती गाडीत भरायची आणि संध्याकाळी आण्णा सांगणार, आज काय दरानं गेलं आणि ओलाव्यापोटी किती कापलं. उसाचं बिल यायला वेळ असतो, त्यामुळे दिवाळीचे कपडे सोयाबीनवर. तूर खातो, मूग खातो, हरभऱ्याचं पिठलं तर रोजचंच. सोयाबीन मात्र गिरणीला जायचं, तिथं त्याचं तेल आणि पेंड व्हायची. त्याला चव असते का, हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच कधी पडला नव्हता.

लग्नानंतर टोकियोला आले. आम्ही निशी-कासाईत राहतो. इथं भारतीय बरेच आहेत, मराठीही कानावर पडतं. पहिल्या आठवड्यात जवळच्या दुकानात गेले तर एक अख्खं कपाट नुसत्या सोयाबीनच्या काळ्या बाटल्यांचं. शोयू, म्हणजे आपण ज्याला सोया सॉस म्हणतो ते. मला माहीत होता तो चायनीजच्या गाड्यावरचा, नूडल्स काळ्या करणारा. शेजारच्या आजींनी गरम भातावर कच्चं अंडं फोडून वर दोन थेंब टाकून दाखवले. अंडं मी खाल्लं नाही, पण बोटावर एक थेंब घेऊन चाखला. आधी खारट, मग किंचित गोड, आणि मागून रस्सा बराच वेळ चुलीवर राहिला की त्याला जी चव उतरते, ती. या चवीचा शोध इथंच लागला. टोकियोतले रसायनशास्त्राचे प्राध्यापक किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये समुद्री शेवाळाच्या पाण्यातून ग्लुटामेट वेगळं केलं आणि त्या चवीला ‘उमामी’ हे नाव दिलं. शोयूत ते सोयाबीन आणि गव्हाच्या प्रथिनांतून येतं.

मग मी हट्टानं नोदाला गेले. चिबा प्रांतातलं हे गाव तोने आणि एदो या दोन नद्यांच्या मधे वसलेलं आहे. जुन्या काळी इथला शोयू पिंपांत भरून होड्यांनी खाली एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत जायचा. इथल्या शोयू करणाऱ्या घराण्यांनी १९१७ मध्ये एकत्र येऊन जी कंपनी काढली, तीच आजची किक्कोमान. स्टेशनवर उतरलं की वास येतो. गुऱ्हाळात काहिलीजवळ उभं राहिल्यावर येतो तसा दाट, पण त्यात आंबूसपणा मिसळलेला. मी तिथंच थांबून राहिले. सांगलीजवळच्या हरिपूरला संगमाकडे जाताना हळदीच्या पेवांची, म्हणजे जमिनीतल्या खोल कोठारांची, आठवण निघते, तशीच मला त्या वासानं ती आठवण झाली. आपल्याकडेही माल जमिनीच्या पोटात ठेवून वर्षानुवर्षं धीर धरणारी माणसं होती.

हे बनतं कसं, ते आईला फोनवर सांगायला मला कुरडईचाच आधार घ्यावा लागला. कुरडईला आपण गहू तीन दिवस भिजत घालतो, आंबवतो, वाटतो, चीक काढतो. इथं सोयाबीन वाफवतात, गहू भाजून भरडतात आणि दोन्ही साधारण निम्मे निम्मे एकत्र करून त्यावर ‘कोजी’ नावाची बुरशी वाढवतात. ‘बुरशी?’ आई फोनवर एवढ्या जोरात म्हणाली की आण्णा उठून आले. पण दह्याला विरजण लागतं तशी ही राखून ठेवलेली, पारखलेली बुरशी. शास्त्रीय नाव आस्पर्जिलस ओरायझी. तीन दिवसांत ती दाण्यांवर पसरते. मग हे सगळं मिठाच्या पाण्यात घालून कित्येक महिने तसंच ठेवायचं. बुरशीनं तयार केलेले विकर, म्हणजे एन्झाइम, प्रथिनं आणि पिष्ट फोडत राहतात, मीठ नासू देत नाही, यीस्ट वास आणतं. शेवटी तो लगदा कापडात घालून दाबतात आणि निघालेला रस तापवतात. काळा रंग या मुरण्यातून आणि तापवण्यातून येतो.

गेल्या दिवाळीला गावी आले तेव्हा एक लिटरची बाटली तीन पिशव्यांत गुंडाळून आणली होती. मळणी नुकतीच झाली होती, सोप्यात पोती रचलेली. कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्रातून निघालेलं फुले संगम वाण आण्णा लावतात, केडीएस ७२६. त्या के आणि डी मधे आपलं कसबे डिग्रजच आहे. मी बाटली त्या पोत्यावरच ठेवली.

“हे ह्याचंच हाय व्हय?” आईनं पोत्यावर हात ठेवून विचारलं.

“ह्याचंच, आई. आणि गहू, मीठ, पाणी.”

आण्णांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. त्यांनी बाटली उजेडात धरली. “ह्यात दारू असती का गं? खरं सांग.”

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. यीस्टनं आंबवल्यामुळे अशा शोयूत साधारण २ टक्के अल्कोहोल आपोआप तयार होतं. शिजवताना त्यातलं बरंचसं उडून जातं, पण सगळं जातं असं मी म्हणू शकत नव्हते. तसंच सांगितलं. “मग मला नगं,” ते म्हणाले आणि बाटली हळूच माझ्या हातात दिली. मला वाईट वाटलं नाही. माळकऱ्याच्या ताटात काय पडावं हे त्याचं त्यानं ठरवावं, आणि त्यासाठी त्याला खरं कळायला हवं. तुमच्या घरी कुणी माळकरी असेल तर त्यांना न सांगता वाढू नका.

पहिल्यांदा पिठल्यात घालून बघितलं. जमलं नाही. हळदीचा पिवळा रंग मातकट झाला आणि बेसनानं चव गिळून टाकली.

अख्ख्या मसुरात मात्र सुरेख लागलं. आपल्या इस्लामपूर-कराड भागातला अख्खा मसूर, कांदा लसूण मसाल्याचा, भाकरीबरोबरचा. पाच माणसांच्या मसुराला पोहे खायचा एक चमचा शोयू, तो उतरवायच्या जरा आधी. सुरुवातीला घातला तर वास उडून जातो. आणि मिठाचा हात आखडता घ्या, हे फार महत्त्वाचं आहे. नेहमीच्या शोयूत सोळा टक्क्यांच्या आसपास मीठ असतं. १५ मिलीच्या मोठ्या चमच्यात जवळपास अडीच ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमच्याचा निम्म्याला थोडं कमी. फिक्या रंगाच्या शोयूत तर मीठ आणखी जास्त असतं, रंगावर जाऊ नका. आत्याला बीपी आहे, तिला मी थेंबानंच दिलं.

पण खरी जागा सापडली ती वांग्यात. कृष्णाकाठच्या वांग्याबद्दल मी तुम्हाला काय सांगणार. जपानमधेही वांगं जाळावर भाजतात, सोलतात आणि वर किसलेलं आलं व शोयू घालतात. आईनं चुलीत भाजून दिलं, मी सोलून बोटांनी लांब फाडलं, तेल नाही, फोडणी नाही. आलं, हिरव्या मिरचीचा एक तुकडा आणि दोन छोटे चमचे शोयू. धुराचा वास आणि हा मुरलेला वास एकमेकांत असे मिसळले की आई तव्यावरची भाकरी उलटायची विसरली. “आपल्या भरतासारखं न्हाय,” ती म्हणाली, “पर ह्याला त्याचं त्याचं काय तरी हाय.” दुसऱ्या दिवशी मक्याच्या कणसाला तिनं स्वतःच लावलं, भाजत आल्यावर ब्रशऐवजी कापडाच्या बोळ्यानं.

सांगलीच्या बाजारात बाटली घेणार असाल तर मागचं लेबल वाचा. सोयाबीन, गहू, मीठ, पाणी असं असेल आणि ‘नॅचरली ब्रूड’ म्हटलं असेल तर ते मुरवलेलं. ‘हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन’ आणि कॅरामल रंग दिसला तर ते आम्लानं थोड्या वेळात फोडलेलं असतं, नुसत्या थेंबाला चव देत नाही. उघडल्यावर फ्रिजमधे ठेवा, हवेनं रंग गडद होतो आणि वास उतरतो.

बाटली मी आईपाशीच ठेवून आले. परवा फोन केला तेव्हा चुलीवर वांगी होती. तिनं आधी आण्णांचं भरीत त्यांच्या स्टीलच्या वाटीत काढून, त्यावर झाकण ठेवून, वाटी देवळीत सरकवली. मग मला विचारलं, “उरल्यात तीन वांगी. चमचं किती घालू?”