इला? नाय, गेला!

गणपती पंधरा दिवसांवर आले की आमच्याकडे माळ्यावरचा जुना स्पीकर खाली उतरतो. काल दुपारी उतरवला, धूळ झटकली, पाठीवर '८ ओहम' (विजेच्या अडवणुकीचं माप) दिसलं म्हणून उगीच मल्टिमीटर लावून बघितला. साडेसहा. पुन्हा लावला. साडेसहाच!

शेजारचे वायरमन काका ओट्यावर सुपारी कातरत होते. त्यांनी मान वर न करताच निकाल दिला, "अरे, मीटर सेलचो करंट सोडता. गाणा नाय सोडीत."

खरंच की. सेलचा प्रवाह नाकासमोर चालणारा. त्याला अडवतो तो फक्त तारेचा रोध. गाण्याचा प्रवाह सेकंदाला शेकडो वेळा पुढेमागे हेलकावतो, तेव्हा स्पीकरमधलं वेटोळंही अडून बसतं. दोघांची मिळून जी अडवणूक, ती इम्पीडन्स. सूर बदलला की तीही बदलते. आठ हा आपला बोलीचालीतला आकडा. शब्द हेविसाइड नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८६ साली काढला, आणि १८९३ मध्ये त्याचं गणित नीट मांडून दाखवलं केनेली या वीज-इंजिनिअरने. हा केनेली जन्मला कुलाब्यात, वडील मुंबई बंदरावर अधिकारी. म्हणजे आमच्याच किनाऱ्याचा! तेव्हापासून त्या शब्दाशी मी जरा घरोब्याने वागतो.

स्पीकरमागून चपट्या वायरीचं भेंडोळंही निघालं. दोन तारा आणि मधे पट्टी, ३०० ओहम इम्पीडन्सवाली. ही आमच्या अँटेनाची. घर खोलगट जागी, म्हणून अँटेना मागच्या डोंगरीवर. मी वर दांडा फिरवायचो, भाऊ खिडकीत, आजी टीव्हीसमोर.

"इला?"

"नाय, गेला!"

"आता?"

"इला, इला... हात काढू नको!"

आणि येणार काय, तर बातम्या देणारी बाई आणि पडद्यावर उजवीकडे तिच्या खांद्याला चिकटून आणखी एक फिकट बाई. पावसात तर जास्तच. आजीच्या मते डोंगरीवरच्या देवचाराला विचारल्याशिवाय दांडा पुरला, त्याचं हे फळ. दोष भावाचा होता. तुटलेल्या वायरीत त्याने ७५ ओहमच्या गोल केबलचा तुकडा जोडला होता, दोन्हींचा इम्पीडन्स जुळवणारी मधली डबी न लावता. वायर ती वायर, हा त्याचा बाणा आजही तसाच आहे.

धक्क्यावर लाट कशी आपटून उलटी फिरते, बघितलंय ना? तीच लाट वाळूच्या पुळणीवर आली की चढत चढत विरून जाते. इम्पीडन्स जुळला तर पुळण, नाही जुळला तर धक्का. आमचं अर्धंमुर्धं चित्र त्या जोडावरून डोंगरीवर परत जायचं, आणि तिथून पुन्हा खाली यायचं. मागाहून. तीच ती फिकट बाई.

पुढे काकांनी डबी लावून दिली. त्या संध्याकाळी एकच बाई आली, लख्ख. आजी बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "ती दुसरी खंय गेली?"

भेंडोळं टाकायला घेतलं, तर आतून आई ओरडली, "उडवू नको ता! गणपतीवरच्या माटवीक बांधूक व्हया."